सातवा नळ

१

माझ्या नोकरीत एकच प्रसंग कठीण असतो, आणि तो दर घरी येतो. घरातलं कोणीतरी ग्लास भरून आणतं आणि म्हणतं, "पाणी घ्या."

आता मी आलेला असतो त्यांच्याच पाण्याचा नमुना घ्यायला. ज्या घरांपर्यंत सरकारी नळ पोचलेला नाही, ज्यांची आपली विहीर आणि आपला पंप, अशांना मदत करायचं आमचं खातं. विहिरीवर झाकण बसवा, शोषखड्डा लांब न्या, असं सांगत मी कच्च्या रस्त्यांनी हिंडतो, बाटल्या भरतो आणि बर्फाच्या पेटीत घालून प्रयोगशाळेत पोचवतो. त्या पाण्यात काय काय पोहतंय हे मला छापील कागदावर कळलेलं असतं. आणि तेच पाणी समोर येतं, तेही प्रेमाने. घेतलं तर पोट बिघडतं, नाही घेतलं तर माणसं दुखावतात. मी पिशवीतून माझी बाटली काढून दाखवतो. मग पाहुणा जेवायला येताना घरून डबा घेऊन आलाय, अशा नजरेने सगळे माझ्याकडे बघतात.

वस्तीपासून लांब असलेल्या एका घरातल्या आजींनी तर तोंडावरच विचारलं, "आमच्या पाण्याला काय काटे आहेत?"

"काटे नाहीत आजी, जंतू आहेत."

"हेच पाणी पिऊन मी एवढी वर्षं जगले."

"जंतूही तेच पिऊन जगलेत."

आजींनी ग्लास उचलला आणि माझ्यासमोर घटाघटा स्वतःच पिऊन टाकला. तिथून आमची ओळख सुरू झाली.

घरात त्या आणि त्यांचा मुलगा. मुलाला सगळे 'इंजिनियर' म्हणायचे, कारण तो इंजिनियर नव्हता आणि घरातली एकही वस्तू त्याने उघडून बघायची बाकी ठेवली नव्हती. सून बाळंत होऊन तिच्या आईकडे राहिली होती. गरोदरपणी याच पाण्याने तिचं पोट असं बिघडलं की दवाखान्यात सलाइन लावून ठेवावं लागलं. तेव्हापासून तिने ठरवून टाकलं होतं, पाण्याचा अहवाल चांगला आल्याशिवाय बाळ त्या घरात येणार नाही. बोलायला गोड, पण शब्दाची पक्की. आजींनी नातीला फक्त फोनवर पाहिलं होतं. फोनवर मूल कधी हसलं तर नेमकं तेव्हाच चित्र अडकायचं, आणि आजी त्या अडकलेल्या चित्राकडे बघत बसायच्या. मला त्यांचं फार वाईट वाटायचं.

मी घेतलेल्या पहिल्या नमुन्याचा अहवाल आला. "पिण्यास अयोग्य."

२

अशा विहिरीवर आमचा उपाय ठरलेला आहे. ब्लीचिंग पावडर कालवून विहिरीत ओतायची. मग घरातला एकेक नळ सोडायचा आणि त्याला ब्लीचिंगचा वास येईपर्यंत वाहू द्यायचा. वास आला की तो नळ बंद. सगळ्या नळांना वास आला म्हणजे औषध सगळ्या पाइपांतून फिरलं. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याला कोणी हात लावायचा नाही. यात एक जरी नळ राहिला तरी सगळी मेहनत पाण्यात, कारण त्या एका पाइपात तुंबलेली घाण पुन्हा घरभर पसरते.

मी विहिरीशेजारी पंपाजवळ उभा राहतो आणि तिथून ओरडतो, "वास आला का?" घरातली माणसं आपापल्या नळावरून ओरडतात, "आला!" माझा आवाज मुळातच चिरका, ओरडलो की फाटतो. आमची ही म्हणते, तुम्ही हाक मारलीत की ऐकणाऱ्याला वाटतं कोणीतरी कोणाचा तरी गळा धरलाय.

घरात नळ सहा. स्वयंपाकघरात एक, न्हाणीघरात दोन, संडासात एक, मागे धुण्याच्या दगडाशी एक आणि पुढे झाडांसाठी एक. सगळं फिटिंग इंजिनियरने स्वतःच्या हाताने केलेलं आणि प्रत्येक सांध्यावर खूण म्हणून लाल रंगाचा ठिपका दिलेला. "सही आहे माझी," तो म्हणाला.

सहा नळांना माणसं दोन. त्यातल्या आजी स्वयंपाकघरातून हलायला तयार नव्हत्या. त्यामुळे इंजिनियर एकटाच घराभोवती धावत होता आणि वेगवेगळ्या दिशांनी "आला! आला!" असं ओरडत होता. रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाने सायकल थांबवून मला विचारलं, "कोण आलंय?"

शेवटी सहाही नळ बंद झाले. अंगण शांत झालं. मी पिशवी आवरायला वाकलो, आणि पंप म्हणाला, टक्. मग घुर्रर्र सुरू झाला.

त्यांचा पंप आपोआप चालणारा होता. घरात कुठेही नळ उघडला की सुरू होतो, बंद केला की थांबतो.

"इंजिनियर, एक नळ राहिला!"

"सहाच्या सहा बंद आहेत, साहेब."

मी स्वतः फिरलो. प्रत्येक नळ हाताने आवळून बघितला. पंप चालूच होता. मग थांबला. थोड्या वेळाने पुन्हा टक्. या खेपेला जेमतेम तांब्याभर पाणी गेलं असेल, की बंद. पुन्हा टक्. गळतीने पंप असा चालत नाही. गळती मुकाट्याने गळत राहते. हे कोणीतरी नळ सोडत होतं आणि बंद करत होतं.

आजी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "अंघोळ चाललीय," त्या म्हणाल्या.

"कोणाची?"

"ते मला काय माहीत? रोज याच सुमाराला असते."

३

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. ठेवून चालतही नाही, आमच्या खात्यात त्यासाठी रकाना नसतो. मी इंजिनियरला सांगितलं, पंपाचं बटण खराब असेल, ते बदल. त्याने बदललं. पंप टक् करत राहिला. वायर बदलली. तरी टक्. मग इंजिनियरने अख्खा पंप खोलून पुन्हा जोडला आणि दोन स्क्रू उरले, ते त्याने खिशात टाकले. पंपाला काही फरक पडला नाही.

दुसऱ्या नमुन्याचा अहवाल आला. "पिण्यास अयोग्य."

सुनेने मला थेट फोन केला. मागे बाळ कुरकुरत होतं. "सर, औषध सगळ्या नळांना पोचलं होतं ना?"

"पोचलं होतं."

"मग एखादा नळ राहिला असेल."

"सहाच नळ आहेत, ताई."

"तुम्हीच मला समजावून सांगितलं होतंत, नळ राहिला तरच असं होतं. आता तुम्हीच सांगा, काय समजायचं मी?"

बाईंच्या डोक्याची मला भीतीच वाटली. जी गोष्ट मी मनात येऊ देत नव्हतो, ती तिने बाळाला थोपटता थोपटता सांगून टाकली. आणि तिचं चुकतही नव्हतं. नळ राहिला असेल तर तो शोधायला हवा, त्यात भुताखेताचा काय संबंध? घरं जुनी असतात, कोणीतरी कधीतरी पाइप टाकून ठेवतो आणि विसरतो. मी स्वतःला असं पटवून दिलं आणि मला बरं वाटलं.

पुढच्या खेपेला आम्ही पाइप शोधायला निघालो. पंप चालू असताना पाइपाला कान लावायचा, पाणी वाहत असेल तर सळसळ ऐकू येते. न्हाणीघराच्या पाइपात शांतता. स्वयंपाकघरात शांतता. मग आजींनी कोठीच्या खोलीचं दार ढकललं.

ती खोली घराच्या टोकाला होती. आत पोती, फुटका ड्रम, सुटे टायर आणि बाळासाठी धुऊन पुसून ठेवलेला पाळणा. उजेड फक्त दारातून. ओलसर वास येत होता, पण फरशी कोरडी होती. पोती सरकवली, आणि मागे भिंतीलगत पांढरा पाइप दिसला. तो जमिनीतून वर आला होता आणि गुडघ्याइतक्या उंचीवर वळून सरळ बाहेरच्या भिंतीत शिरला होता. सांध्यावर लाल ठिपका होता.

इंजिनियर उकिडवा बसला. त्याने ठिपक्यावर बोट फिरवलं. "रंग माझा आहे. हातही माझाच आहे. पण साहेब, मी या खोलीत पाइप आणलेलाच नाही."

"विसरला असशील."

"मी जेवायला विसरेन, फिटिंग कसं विसरेन?"

मी पाइपाला कान लावला. आत पाणी वाहत होतं.

४

भिंतीच्या पलीकडे काय आहे ते बघायला आम्ही वळसा घालून बाहेर गेलो. पलीकडे अंगण होतं. भिंतीवर सकाळचं ऊन पडलं होतं, खाली गवत, एक कोंबडी, बाकी काही नाही. पाइप बाहेर आलेला नव्हता. इंजिनियरने भिंतीच्या कडेने हातभर खणलं. माती निघाली, मुळं निघाली, एक गंजका चमचा निघाला. चमचा बघून आजी म्हणाल्या, "हा मी किती शोधला!" आणि धुवायला घेऊन गेल्या.

मला नियम ठाऊक होता. जो पाइप कुठे जात नाही तो कापायचा आणि तोंडावर टोपण बसवायचं. त्यातलं साचलेलं पाणीच घरभर घाण पसरवत असतं. मी करवत मागवली.

"कशाला?" आजींनी विचारलं.

"पाइप तोडायला."

"वापरत्या घराचं पाणी तोडायचं?"

"पलीकडे घर नाही आजी. पलीकडे तुमचं अंगण आहे."

"मग अंगणात अंघोळ कोण करतंय?"

मी त्यांना नियम पुन्हा समजावून सांगितला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला माझी नात हवीय. रात्रंदिवस तोच विचार आहे डोक्यात. पण तिला आणायला मी दुसऱ्या कोणाचं पाणी तोडू? ज्यांचं तोडू त्यांच्या घरात पोर नसेल कशावरून?"

"आई, कोणाच्या घरात?" इंजिनियर रडकुंडीला आला होता.

"ते विचारा ना मग! हे साहेब एवढे ओरडून सगळ्यांना विचारतात, वास आला का, वास आला का. त्यांना कुठे विचारलंत? तीनदा विचारा. उत्तर नाही आलं तर खुशाल कापा, मी मध्ये येणार नाही."

सरकारी नोकरीत मी पुष्कळ मूर्खपणाच्या अटी मान्य केलेल्या आहेत. त्यात आणखी एक.

५

त्या सकाळी आम्ही विहिरीत पुन्हा पावडर ओतली. सहाही नळांना वास आला, सहाही बंद केले. पंप काही थांबला नाही. नेहमीची वेळ झाली होती.

कोठीच्या खोलीत आम्ही तिघं होतो. मी करवत हातात घेऊन पाइपासमोर गुडघे टेकले. दोन डिग्र्या घेतलेला माणूस आपण, आणि एका पाइपाशी बोलायला वाकलोय, हे आमच्या साहेबांना कळलं तर काय होईल, असा विचार मनात आला.

"वास आला का?" मी ओरडलो.

पाणी वाहत होतं. बाकी काही नाही.

"आता दुसऱ्यांदा," आजी म्हणाल्या.

"वास आला का?"

पलीकडे काहीतरी हललं असं वाटलं. भांडं सरकावं तसं. इंजिनियरने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. पाणी खडखडलं असेल, मी मनाशी म्हटलं, आणि करवत पाइपावर ठेवून दोनदा ओढली. खर्र, खर्र. पांढरा भुसा फरशीवर पडला.

"तिसऱ्यांदा विचारा आधी!" आजी कडाडल्या. "तीनदा ठरलं होतं."

"वास आला का?" माझा आवाज नेहमीपेक्षा जास्तच फाटला.

"आला!"

उत्तर एका माणसाचं नव्हतं. चारपाच जण जिवाच्या आकांताने एकदम ओरडले होते. पाइपातून येताना आवाज लांबचा आणि पातळ झाला होता, पण वेगवेगळा ओळखू येत होता. एक तरुण बाई, एक पुरुष, एक म्हातारी. आणखी एक पुरुष होता, चिरक्या आवाजाचा, इतका घाबरलेला की मला त्याची कीव आली. आणि त्यांच्यामागे एक तान्हं मूल टाहो फोडून रडत होतं.

मी मान वळवून बघितलं. आजींचं तोंड बंद होतं. इंजिनियरचं उघडं होतं, पण त्यातून काही बाहेर पडत नव्हतं.

मग सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत, जरा उशिराने, आणखी एक आवाज आला. तोंडात चूळ धरून बोलावं तसा, सावकाश.

"आला."

बाहेर पंप म्हणाला, टक्. आणि थांबला.

इंजिनियर मटकन पोत्यावर बसला. मी करवत खाली ठेवली, म्हणजे ती माझ्या हातातून पडली. आजींनी मात्र कमरेवर हात ठेवून माझ्याकडे असं बघितलं, की लहानपणी शाळेत खिडकीची काच फोडली होती तो दिवस आठवला. "ऐकलंत? लेकुरवाळं घर आहे. आणि तुम्ही पाणी तोडायला निघाला होता."

"आजी, तो शेवटचा कोण होता?"

"असेल घरातलं थोरलं माणूस. वय झालं की आवाज जड होतो."

मी पाइप कापला नाही. पोती पुन्हा होती तशी लावून ठेवली. घरी गेल्यावर मी खात्यासाठी टिपण लिहिलं, 'सर्व नळांना औषध पोचल्याची खात्री केली,' आणि ते खरंच होतं.

तिसऱ्या नमुन्याचा अहवाल आला. "पिण्यास योग्य."

६

काही महिन्यांनी मी पुन्हा त्या घरी गेलो. असं पुन्हा जाऊन बघणं आमच्या कामातच असतं. खरं तर मी ते पुढे ढकलत होतो. पण सुनेने फोन केला, सर, आजी म्हणतात तुम्ही बाळ बघितलं नाहीत अजून. मग गेलो.

घराचा नूरच बदलला होता. दोरीवर चिमुकले कपडे वाळत होते. आजी नातीला मांडीवर घेऊन दारात बसल्या होत्या, आणि नात त्यांच्या नाकाला धरून उभं राहायचा प्रयत्न करत होती. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते नाक ओढल्यामुळे की आनंदाने, सांगता येत नव्हतं. मला फार बरं वाटलं. नोकरीचं चीज होणं म्हणजे काय ते मला त्या दारात कळलं.

"पाणी घ्या," आजी म्हणाल्या, आणि स्वतः ग्लास पुढे केला.

मी घेतलं. एका दमात प्यायलो, ग्लास उलटा करून दाखवला. आजींनी लगेच दुसरा ग्लास भरला आणि मला तोही प्यावा लागला.

"साहेब, या, नवीन काम दाखवतो," इंजिनियर म्हणाला. त्याने बाळाच्या अंघोळीसाठी वेगळी न्हाणी बांधली होती. घराच्या टोकाला, कोठीच्या भिंतीला लागून, जिथे सकाळचं ऊन येतं तिथे. मी दारातच थबकलो. पूर्वी जिथे गवत आणि कोंबडी होती तिथे आता स्वच्छ फरशी होती, मधोमध बाळाचा टब, कोपऱ्यात पाणी जायला लोखंडी जाळी. कोठीच्या भिंतीत गुडघ्याइतक्या उंचीवर चकचकीत नळ होता आणि त्याच्या सांध्यावर लाल ठिपका.

"भिंतीत जरा टोकरलं तर पाइपाचं तोंड समोरच," इंजिनियर म्हणाला. "नुसता नळ बसवला. गंमत म्हणजे याला पंप लागतच नाही. नळ सोडला की पंप गप्प, आणि पाणी धो धो. विजेची बचत!"

"उताराने येत असेल," मी म्हणालो. विहीर घरापेक्षा खालच्या अंगाला होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सून बाळाला घेऊन आली, आजी मागोमाग. सुनेने नळ सोडला. टबात पाणी पडू लागलं. मी कान देऊन ऐकलं. पंप गप्प होता. मग कोणाचा पंप चालला होता, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि तिथेच उभा राहिला, पुढे सरकेना.

सुनेने बाळाचे पाय टबात सोडले, आणि लगेच वर उचलले. तिने नाक मुरडलं.

"सर, ब्लीचिंगचा वास येतोय."

"मी आज पावडर टाकलेली नाही."

"येतोय पण."

मी वाकलो. खरंच येत होता. आणि वाकलेला असतानाच, नळाच्या तोंडातून, पाण्याच्या आवाजाखालून, मला लांबचा, पातळ आवाज ऐकू आला.

"वास आला का?"

सुनेने बाळाला छातीशी धरलं. "अगं बाई! कोणाचा गळा धरलाय?"

मी ओळखला तो आवाज. माणसाला स्वतःचा आवाज पटकन ओळखू येत नाही म्हणतात. पण ते शब्द मी एवढ्या घरांत एवढ्या वेळा ओरडलो होतो, की दुसऱ्या कोणाचे ते असूच शकत नव्हते.

"वास आला का?"

मागे सरकताना माझा पाय टबाला लागला आणि टब फरशीवर घासला. इंजिनियर पांढरा पडला. "साहेब, हे तर..."

"हो."

मग खर्र, खर्र. नळ भिंतीत थरथरला. त्या पाइपाच्या पलीकडे गुडघे टेकून बसलेला माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा होता. नियमाचा पक्का, डोक्याने बेताचा, हातात करवत. आणि पाइपाच्या या टोकाला आम्ही होतो, ही न्हाणी होती, हे ऊन, हे बाळ. त्याने पाइप कापला तर इकडे काय होईल, मला माहीत नव्हतं. नुसतं पाणीच थांबेल असं मला वाटत नव्हतं. मला ओरडायचं होतं, पण घसा कोरडा पडला होता, दोन ग्लास पाणी पिऊनही.

"अहो, बोला काहीतरी!" आजींनी मला गदागदा हलवलं. "तोडाल ना तुम्ही!"

"मी?"

"तुम्हीच! दुसरं कोण?"

नळातून तिसऱ्यांदा आवाज आला. फाटलेला. "वास आला का?"

"आला!"

आम्ही सगळे एकदम ओरडलो. सून ओरडली, इंजिनियर ओरडला, आजी ओरडल्या. मी असा ओरडलो की माझ्याच कानाला दडे बसले. बाळाने क्षणभर आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं आणि टाहो फोडला.

करवतीचा आवाज आला नाही.

पाणी वाहत राहिलं. इंजिनियर आधी हसला, मग रडला, मग पुन्हा हसला. सून बाळाला थोपटत "झालं, झालं" म्हणत होती. मी भिंतीला टेकलो. सगळं जुळलं होतं. तरुण बाई, पुरुष, म्हातारी, तान्हं मूल, आणि तो चिरका घाबरट माणूस, ज्याची मला एवढी कीव आली होती. एकेक जण इथे माझ्यासमोर उभा होता, ऊन खात. मी हिशोब लावत गेलो, आणि मग मला आठवलं की हिशोबात एक माणूस राहिला.

मी हात वर केला. माझा चेहरा बघून सगळे गप्प झाले. बाळसुद्धा हुंदका गिळून थांबलं.

आमच्या पायांशी, टबाच्या शेजारी, लोखंडी जाळीखालून कोणीतरी सावकाश बोललं. तोंडात चूळ धरून बोलावं तसं.

"आला."

मग नळाचं पाणी थांबलं. नळाला कोणी हात लावला नव्हता.

सुनेने बाळाला खांद्यावर उंच घेतलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. इंजिनियरने माझा दंड धरला होता, की मी त्याचा, ते आठवत नाही. आजी जाळीकडे बघत एक पाऊल मागे सरकल्या. पण जन्मभराची सवय अशी सुटत नाही.

"अगं," त्या सुनेला म्हणाल्या, "एक ग्लास जास्तीचा भर."